सहावी चुंबळ

शालिकरामांनी सवयीप्रमाणे मूठ उगारली आणि ती तशीच हवेत राहिली.

समोर टेबलावर पाच बाटल्या ओळीने उभ्या होत्या. लाल, पिवळी, पांढरी, काळी आणि शेवटची थिनरची. कामाला बसण्याआधी टेबलावर एक मूठ हाणायची आणि पाचही बाटल्या जागच्या हलल्या नाहीत तरच ब्रश हातात घ्यायचा, हा त्यांचा गेल्या आठ-नऊ वर्षांचा नेम. देवाला हात जोडायचे ते एखाद्या दिवशी विसरत, पण मूठ कधी चुकली नव्हती. आज मात्र बाटल्यांखालच्या चुंबळी वेगळ्या दिसत होत्या. रंगाचे ओघळ आणि इतक्या वर्षांचा मळ बसून काळ्याकुट्ट झालेल्या त्या चुंबळी आज, रंगाचे काही डाग सोडले तर, स्वच्छ होत्या. एकीवर तर जुन्या पातळाची निळी फुलंसुद्धा ओळखू येत होती.

शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर इंदुताई बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवला होता तिथेच. डाव्या हाताची बोटं साबणाने कोरडी पडलेली.

"म्या धुतल्या," त्या म्हणाल्या. लकवा मारल्यापासून त्यांचा एकेक शब्द सुटा सुटा यायचा. "एकाच हातानं. काल सांजी, मोनाली बाजारात गेली होती तवा."

शालिकरामांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. पोळ्यानंतरच्या सहा महिन्यांत तिथे जे दिसलं नव्हतं ते आज दिसत होतं. एखादी बाई पंगत उठल्यावर पदराने कपाळ पुसत बसते ना, तशी ती बसली होती. आता तिच्यादेखत टेबलावर मूठ मारायची म्हणजे तिचं काम तपासून घेण्यासारखं झालं असतं. शालिकरामांना ते जमलं नाही. त्यांनी मूठ उघडली आणि टेबलावरून नुसता तळवा फिरवला.

"बम सुंदर निंगाल्या वं," ते म्हणाले आणि कामाला बसले.

चुंबळ म्हणजे काय हे ज्याच्या आईने डोक्यावरून पाणी वाहिलं त्याला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगायचं तर जुनं कापड पिळून, त्याचा वेढा घालून केलेलं कडं. डोक्यावर ठेवलं की वर घागर बसते, जमिनीवर ठेवलं की गोल बुडाचं भांडं कलंडत नाही. एवढंच ते. पण शालिकरामांच्या टेबलाचा सगळा कारभार या पाच कड्यांवर चालत होता.

एकतीस वर्षं त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्या रंगवल्या. लाल रंग, पिवळा पट्टा आणि गाडीच्या अंगावरची अक्षरं. अक्षरांसाठी त्यांनाच बोलावत. निवृत्त झाल्यावर पंधरा दिवस ते घरात बसून राहिले आणि भाजी कशी चिरावी यावर इंदुताईंना सल्ले देऊ लागले. सोळाव्या दिवशी इंदुताईंनी माळ्यावरचं जुनं दार खाली काढायला लावलं, ते मागच्या गॅलरीत दोन लोखंडी घोड्यांवर आडवं टाकलं आणि सांगितलं की काहीही करा, पण इथे बसून करा. नागपुरातल्या हुडकेश्वरच्या त्या घरात तेव्हापासून शालिकराम एसट्या बनवू लागले. फुटाला अर्धा इंच या मापाने. सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका पुठ्ठा, कापून सांगाडा, आत एकेक सीट, काचेला पारदर्शक फाइलची पट्टी, दाराला खरोखर उघडणारी कडी. साडेसतरा इंचाची गाडी, पण कंडक्टरच्या घंटीची दोरीसुद्धा विसरायची नाही.

हात कसबी होता, फक्त सांडायचं फार. वर्कशॉपमध्ये रंगाचे डबे पाच-पाच लिटरचे, त्यांना धक्का लागला तर आपल्यालाच लागायचं. इथे खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. उंच, हलक्या, फुंकर मारली तरी आडव्या. पहिल्या वर्षी त्यांनी लाल रंग इंदुताईंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या पातळावर सांडला. काळा सांडला तो शेजारच्यांच्या मांजरावर. एकदा तर ब्रश थिनरऐवजी चहात बुडवला आणि नंतर तो चहा पिऊनही टाकला. मग टेबलाच्या चारी कडांना लाकडी पट्टी ठोकली, म्हणजे सांडलं तरी फरशीवर जाणार नाही. चहा टेबलावर आणायचा नाही असं ठरलं. बाटल्या उजवीकडे, गाडी डावीकडे, आणि बाटलीवरून हात न्यायचा नाही. बाटल्या टेबलाला चिकटवून पाहिल्या, तर रंग हलवता येईना. नारळाच्या करवंट्यांत बसवल्या, तर करवंटीच डुलायला लागली.

इंदुताईंनी हे सगळं वर्षभर पाहिलं. त्यांचं माहेर सावनेरजवळचं, लग्न होईपर्यंत विहिरीचं पाणी त्यांनीच भरलेलं. एक दिवस त्या म्हणाल्या होत्या की एवढे मोठे कारागीर तुम्ही, आणि घागर कशी उभी राहते हे तुम्हाला समजत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच लहान चुंबळी वळल्या, मैद्याच्या दाट खळीत बुचकळल्या आणि दोन दिवस उन्हात टाकल्या. वाळल्यावर त्या लाकडासारख्या टणक झाल्या. बाटली आत बसवली की निम्म्यापर्यंत गच्च धरून ठेवायच्या. त्या दिवसापासून टेबलावर काही सांडलं नव्हतं. भेटायला येणारे गाड्यांचं कौतुक करत. शालिकराम त्यांना आधी चुंबळी दाखवत.

मग गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बाहेर मारबतीच्या मिरवणुकीची पोरं आरोळ्या देत जात असताना, इंदुताई स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता खाली बसल्या आणि उजवा हात उचलेना. दवाखाना झाला, व्यायाम झाले, पाय बराच सुधारला. हात नाही. सून मोनाली गुणाची पोर, तिने सासूचं सगळं केलं. इतकं केलं की करायला काही ठेवलंच नाही. इंदुताईंनी वाटाण्याची शेंग उचलली की ती हातातून हळूच काढून घेई आणि म्हणे, "राहू द्या ना आई, मी करते." एकदा बाथरूममध्ये सासू पडली होती, ती धास्ती तिच्या मनातून गेली नव्हती. गॅसपाशी तर त्यांना उभंही राहू देत नसे. यात वाईट काही नव्हतं. फक्त घरातली सगळी कामं चालू होती आणि इंदुताई बसून होत्या, एवढंच.

टेबलावर सध्या होती ती नत्थूची गाडी. नत्थू उमरेड डेपोचा निवृत्त ड्रायव्हर, शालिकरामांचा जुना दोस्त. रविवारी त्याला पंच्याहत्तर पूर्ण व्हायची होती आणि त्याची मुलगी सोनिका हिने उमरेडला जेवण ठेवलं होतं. नत्थूने आयुष्यात जी गाडी सगळ्यात जास्त चालवली तीच शालिकराम त्याला देणार होते, त्याच नंबरची, डाव्या अंगावर 'रा. प. उमरेड' लिहिलेली. चार महिन्यांचं काम होतं. आज शुक्रवार. मागची नंबरप्लेट तेवढी राहिली होती.

साडेअकराच्या सुमारास त्यांनी ब्रश थिनरमध्ये बुडवला आणि बाटलीच्या काठावर निथळवला. हजारदा केलेली गोष्ट. पण ब्रश काठाला टेकताच बाटली कलली आणि तिच्यासोबत चुंबळही निमूटपणे कलली. बाटली डावीकडे आडवी झाली. थिनर गाडीच्या अंगावर गेलं आणि टेबलाच्या कडेला ठोकलेल्या पट्टीने ते बाहेर जाऊ दिलं नाही. गाडी त्यातच उभी राहिली. शालिकरामांनी ती उचलेपर्यंत डाव्या बाजूचा लाल रंग सुरकुतला होता, अक्षरं आधी फुगली आणि मग खाली ओघळली. 'उमरेड' राहिलं नाही. पुसायला जावं तर आणखी पसरतं, हे माहीत असल्यामुळे ते गाडी हातात धरून नुसते उभे राहिले. फरशीवर एक थेंब पडला नव्हता.

इंदुताई चुंबळीकडे पाहत होत्या.

"खळ," त्या हळूच म्हणाल्या. "खळ नाही देल्ली म्या. गॅसपाशी मले..."

तेवढ्यात थिनरच्या वासाने मोनाली धावत आली. पदर नाकाला लावून तिने विचारलं, काय झालं, कसं काय सांडलं.

"माहा हात थरथरला," शालिकराम म्हणाले. बायकोचं वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. त्यांना एवढंच कळत होतं की सहा महिन्यांत हिने पहिलं काम केलं, आणि ते असं झालं हे घरात कळलं, तर उद्यापासून हिच्या हाताला बादलीसुद्धा लागू देणार नाहीत.

मोनालीने खिडक्या उघडल्या, फडकी आणली, सासूची खुर्ची उचलून पुढच्या खोलीत नेली आणि मग सासूला नेलं. जाताना इंदुताईंनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. शालिकरामांना वाटलं, तिला हायसं वाटलं असेल. माणूस इतकी वर्षं एका बाईबरोबर राहतो आणि तिच्या नजरेचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावतो, हे काही त्यांच्यापुरतंच नाही.

एकट्याने टेबल पुसता पुसता त्यांच्या मनात आलं, की आपण बोललो ते अगदीच खोटं नव्हतं. संक्रांतीपासून बारीक अक्षर काढताना ब्रशचं टोक जागेवर राहत नव्हतं. 'उमरेड'मधला 'उ' त्यांनी तीनदा पुसला होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. अक्षरांचं काम ते इंदुताई दुपारी झोपल्यावरच करत. म्हणजे आज गाडी खळ नसल्याने बिघडली असली, तरी हाताचा हिशेब वेगळा बाकी होताच. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं.

बारा वाजता त्यांनी नत्थूला फोन लावला. कधीतरी सांगायचंच होतं. गाडीची एक बाजू पार गेली, रविवारी आणू की नको, असं त्यांनी विचारलं. पलीकडून नत्थूचा खोकल्यासारखा हसण्याचा आवाज आला.

"माही गाडी दोन्ही बाजूंनी चांगली होती कधी गा?" तो म्हणाला. "तू घेऊन ये. उमरेडची गाडी म्या कधी वाटेत सोडली नाही."

शालिकरामही हसले आणि त्यांनी फोन ठेवला. गाडीची चिंता मिटली होती. हाताची तशीच होती.

संध्याकाळी मुलगा श्रीधर बुटीबोरीहून कामावरून आला. मोनालीने त्याला चप्पल काढता काढताच सांगितलं असावं, कारण जेवायला बसल्यावर त्याने पहिला घास मोडायच्या आत तो विषय काढला. पोरगा रागीट नव्हता, काळजी करणारा होता, आणि काळजी करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही ही त्यातली अडचण.

"बाबा, हात थरथरते हे तुम्ही सांगतलं काहून नाही?" तो म्हणाला. "सोमवारी डॉक्टरकडं जाऊ आपण. आन् ते टेबल आता काढून टाकू. ते थिनर, बाजूच्याच भिंतीला सिलिंडर. घरात एक पेशंट आहे, दोन झाले तर मोनालीनं काय करायचं?"

शालिकरामांनी भातावर वरण ओतून घेतलं.

"बरं," ते म्हणाले.

एवढ्या एका शब्दात टेबल गेलं. माळ्यावरचं दार पुन्हा माळ्यावर जाईल, सांगाडे रद्दीत जातील, आणि सकाळी उठून आपण कोणाला भाजी कशी चिरावी ते सांगत बसू. त्यांनी घास घेतला. इंदीला कोणी काही बोललं नाही, यातच सगळं आलं असं त्यांनी मनाला सांगितलं.

तेव्हा इंदुताईंनी डाव्या हाताची मूठ वळून टेबलावर हाणली. जेवणाचंच टेबल ते, पण चारही पेल्यांतलं पाणी हिंदकळलं.

"चुंबळी म्या धुतल्या," त्या म्हणाल्या. "खळ देल्ली नाही. नरम राह्यल्या. म्हनून सांडलं. याइचा हात नाही थरथरला."

मोनाली खाली ठेवलेला पोळ्यांचा डबा उचलता उचलता थांबली. तिला ते टेबलाचं गणित नीट समजलं नव्हतं, पण धुतल्या एवढं समजलं. धुवायला गेलात कशाला आई, मी सांगितलं होतं ना काही करू नका, पडला असता तर, असं ती बोलू लागली. इंदुताईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या.

"तुमी काहून घेतलं तुमच्यावर?"

"तुले लोकं बोलतीन म्हनून," शालिकराम म्हणाले.

"बोलू द्या ना." इंदुताई थांबल्या. पुढचे शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, आणि या खेपेला कोणी ते त्यांच्याआधी बोलून टाकले नाहीत. "सहा महिने झाले, मले कोनी काही बोललं नाही. भाजी खारट झाली म्हनून नाही, दूध उतू गेलं म्हनून नाही. बोलतीन कशाले? म्या काही केलंच नाही. एक काम केलं. ते बिघडलं. माह्या हातानं बिघडलं. ते तरी माहं राहू द्या."

शालिकरामांना वाटलं होतं की आपण बायकोला वाचवलं. आपण तिच्या हातातली शेवटची वस्तूही काढून घेतली होती, अगदी मोनाली वाटाण्याची शेंग काढून घेते तशीच, तितक्याच मायेने, हे आता त्यांना उमगलं. लाज वाटली. त्यांनी वरणाची वाटी तिच्याकडे सरकवली, आणि इंदुताईंनी ती घेतली.

मोनाली मात्र स्वयंपाकघरात निघून गेली. आत नळ बराच वेळ चालू होता. तिचंही खरं होतं. सहा महिने ती धड निजली नव्हती, आणि ज्या गोष्टीसाठी शाबासकी मिळायची तिच्यासाठीच आज तिला ऐकून घ्यावं लागलं होतं. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. ती सासूच्या खुर्चीजवळ उभी राहिली.

"खळ कशी करतात, आई?" तिने विचारलं. "मला येत नाही."

इंदुताईंनी तिच्याकडे वर पाहिलं. सांगून येत नाही, दाखवावी लागते, असं त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी शालिकराम सक्करदऱ्याला लाल रंग आणायला गेले. खरं तर रंग घरात पुरेसा होता. पण मोनालीने त्यांना पिशवी हातात देऊन जवळजवळ घालवूनच दिलं, आणि दारातून निघताना त्यांनी पाहिलं, की गॅसजवळ खुर्ची मांडली आहे आणि इंदुताई तिच्यात ताठ बसल्या आहेत. श्रीधर सिलिंडरच्या नळीशी काहीतरी करत होता. टेबल भिंतीपासून दूर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेणार, थिनरची बाटली वापरून झाली की झाकण लावणार, आणि सोमवारी डॉक्टरकडे जाणार, या तीन अटींवर त्याने आपला हुकूम मागे घेतला होता. तिसरी अट शालिकरामांनी बापाच्या तोऱ्यात नाकारली आणि मग मान्य केली.

परत यायला त्यांनी मुद्दाम उशीर केला. घरी आले तेव्हा मैद्याच्या खळीचा गोडसर वास सगळीकडे पसरला होता. पातेल्याच्या काठावर आणि गॅसच्या शेगडीवर खळ उतू जाऊन वाळली होती. कोणी ती पुसली नव्हती. मोनालीने हसू दाबत हळूच सांगितलं की आई मला दोनदा बोलल्या, एकदा गुठळ्या झाल्या म्हणून आणि एकदा गॅस मोठा ठेवला म्हणून. फाल्गुनातलं नागपूरचं ऊन, चुंबळी गच्चीच्या कठड्यावर टाकल्या होत्या त्या दुपारपर्यंत खडखडीत झाल्या.

शालिकरामांनी तेवढ्या वेळात गाडीची डावी बाजू घासली, नवा लाल हात दिला, तो वाळल्यावर दुसरा दिला. सनबोर्ड जिथे थिनरने खाल्ला होता तिथे बारीक खड्डे राहिले. ते काही जाणार नव्हते. नत्थू त्यावर बोट फिरवून कुठल्या ट्रकने घासलं ते सांगेल, याची त्यांना खात्री होती. राहिली अक्षरं. 'रा. प. उमरेड.' उद्या सकाळच्या गाडीने निघायचं, म्हणजे आजच लिहायला हवी होती. त्यांनी इंदुताईंच्या झोपेची वाट पाहिली. पण चार वाजून गेले तरी इंदुताई झोपल्या नाहीत. मोनालीच्या खांद्याला धरून त्या गॅलरीत आल्या आणि आपल्या खुर्चीवर बसल्या. मोनालीच्या हातात चुंबळी होत्या.

बाटल्या एकेक करून बसवल्या गेल्या. लाल, पिवळी, पांढरी, काळी, थिनर. शालिकरामांनी बायकोकडे पाहिलं.

"मारू काय वं?"

"मंग?" इंदुताई म्हणाल्या. "त्यालेच त बसली."

त्यांनी मूठ हाणली, चांगली जोरात. पाचही बाटल्या उभ्या राहिल्या. पांढऱ्या रंगाचा एक थेंब तेवढा उडून टेबलावर पडला. मोनालीने फडकं उचललं, तिचा हात पुढे आला आणि थांबला. मग तिने फडकं इंदुताईंच्या मांडीवर ठेवलं. इंदुताईंनी वाकून तो थेंब पुसला.

मोनालीच्या हातात अजून एक चुंबळ उरली होती. ही नवी होती, इंदुताईंच्या जांभळ्या पातळाची, बाकीच्यांहून रुंद आणि चपटी. पीळ एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला थोडा सैल होता. दोघींनी दोन टोकं धरून वळली की असं होतं.

"हे सहावी कशाले?" शालिकरामांनी विचारलं. "बाटल्या त पाचच आहेत."

इंदुताईंनी चुंबळ घेऊन ती गाडीच्या पुढ्यात, डाव्या अंगाला लागून ठेवली. मग डाव्या हाताने नवऱ्याचं उजवं मनगट धरलं आणि त्या चुंबळीवर टेकवलं. कापड उन्हाने अजून कोमट होतं. मनगट त्या खोलगट जागेत बसलं. शालिकरामांनी बोटांत ब्रश धरला. टोक हवेत स्थिर राहिलं.

त्यांनी मान वर केली नाही. डोळे भरून आले होते आणि सुनेसमोर ते दाखवायचे नव्हते.

"संक्रांतीपासून पाहून राह्यली मी," इंदुताई म्हणाल्या. "मी झोपत नव्हती दुपारी. ल्याहा आता."

शालिकरामांनी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, काठावर निथळवला आणि 'रा'चा काना ओढला. इंदुताई खुर्चीतून पुढे झुकल्या आणि त्यांनी तो नीट पाहून घेतला.

"जाड झाला," त्या म्हणाल्या.

त्यांनी तो पुसला आणि पुन्हा ओढला.